तिसरी खुंटी

४ मार्च, सोमवार

ही डायरी जावयाच्या दुकानात फुकट आलेली. पानाच्या कोपऱ्यात चष्मा छापलाय, त्यामुळे लिहिताना कुणीतरी डोकावून बघतंय असं वाटतं. बघू दे. माझं अक्षर खेड्यातल्या शाळेत घडलेलं, वाचणाऱ्यालाच घाम फुटेल.

लेक म्हणाली, "आई, तिथं दुपारी कंटाळशील, काहीतरी लिहीत जा." लेक बदलीच्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा घरी येते. इथं जावई आणि नात. नातीला सगळे टिटवी म्हणतात. का, ते विचारायची वेळ येत नाही, एकदा तोंड उघडलं की कळतं.

मला इथं का बोलावलं ते लिहून ठेवते. पुढंमागं कुणी म्हणायला नको की सासूबाई आपण होऊन येऊन बसल्या.

टिटवी जिन्यावरून पडली, पाय मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा पाय काडीसारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज पोहायला न्या, पाण्यात पाय भरेल. पण पाण्याबाहेर आली की ओल्या फरशीवर तो पाय टेकवायचा नाही. उचलून आणायचं, कोरडं करायचं आणि पट्ट्यांचा बूट घट्ट बांधूनच खाली सोडायचं. नाहीतर हाड पुन्हा सरकेल, पुन्हा प्लास्टर.

जावईबुवा पहिल्या दिवशी तिला घेऊन तलावावर गेले. तलाव सगळ्यांचा एकच, कपडे बदलायच्या खोल्या मात्र दोन, एक बायकांची, एक पुरुषांची. बाप-लेकीनं कुठं जायचं? गेले पुरुषांकडे. तिथं टिटवीनं एका काकांना विचारलं, "तुमच्या पोटात बाळ आहे का?" काकांनी टॉवेल आवळला आणि मुलगी इथं कशी म्हणून आकाशपाताळ एक केलं. मग एका भल्या बाईच्या हाती तिला बायकांकडे पाठवली. अनोळखी हात लागताच तिनं भोकाड पसरलं. आणि आमचे जावईबुवा! चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, पण स्वतःचा चष्मा काढला तर समोर हत्ती उभा केला तरी नमस्कार करून पुढं जातील. लेकीचा आवाज ऐकून धावले ते थेट बायकांच्या खोलीत.

"आजी, सगळ्या बायका एकदम ओरडल्या," टिटवीनं मला सांगितलं. "पण मी सगळ्यांत मोठ्यानं."

तलावाचे साहेब शिट्टी फुंकत आले. म्हणाले, उद्यापासून बरोबर बाईमाणूस असेल तरच मुलीला आणायचं. त्याच संध्याकाळी मला फोन. "आई, याल का?" इतका गोड आवाज लग्नातसुद्धा लागला नव्हता.

तर मी आले ती कपडे बदलायला. पाय बरा झाला की परत. घराला कुलूप लावलंय, किल्ली शेजारणीकडे आहे.

५ मार्च, मंगळवार

बायकांची खोली बघितली. फरशी ओलीचिंब, बाक एकच आणि त्याच्यावर पिशव्यांचा डोंगर. खुंट्या इतक्या उंच की ज्यानं ठोकल्या तो बहुतेक शिडीवरच राहत असावा. माझ्या एका काखेत टिटवी, दुसऱ्या हातात बूट, दातात टॉवेल. नशीब, दात अजून आपले आहेत.

गंमत अशी की बायका आणि पुरुष यांच्यामधली भिंत छतापर्यंत गेलेलीच नाही. वर हातभर फट. पलीकडून जावईबुवांचा आवाज आला.

"आई, खालचा पट्टा आधी!"

"खालचाच घेतलाय!"

"घोट्यापाशी एक बोट जागा ठेवा!"

"कुणाचं बोट? तुमचं की माझं?"

अंगाला साबण लावलेली एक बाई म्हणाली, "दादा, तुमच्या सासूबाई बरोबर करतायत. तुम्ही निवांत कपडे बदला." पलीकडे पुरुषांमध्ये हशा पिकला.

जावईबुवा बाहेर आले ते कानाच्या पाळ्या लाल. मी म्हटलं, "बायकांत तुमची बरीच ओळख वाढली हो. आधी चेहरा माहीत होता, आता आवाजही."

"आई, प्लीज," म्हणाले. त्यांचं माझ्याशी बरंचसं बोलणं एवढ्यावरच संपतं.

नंतर बाप-लेक पाण्यात आणि मी काठावर, कपड्यांची पिशवी मांडीवर. हे तर माझं जन्माचं काम. आमच्या ह्यांना नदी दिसली की अंगात शर्ट राहायचा नाही. मी काठावर बसून कपडे सांभाळायची. पाण्यातून "ये की" म्हणायचे. मी म्हणायची, "आणि कपडे कोण बघणार?" कोपरावर विरलेला शर्ट तो, चोरानं सुद्धा शिवून परत आणून दिला असता.

पाण्यात मला काय करायचंय? काठावरून सगळं दिसतं.

९ मार्च, शनिवार

आज हातून एक पराक्रम घडला. टिटवीचा कोरडा टॉवेल जावईबुवांच्या पिशवीत राहिला. मी हाक मारली, त्यांनी भिंतीवरून फेकला, बरोबर माझ्या हातात आला. मला चेव आला. म्हटलं, ओला ड्रेस पण असाच पोचवू. पिळला नाही, तसाच भिरकावला. पलीकडून शिट्टी वाजली. म्हणजे फुंकली नव्हती, तोंडात होती ती दचकून वाजली. ड्रेस साहेबांच्या टकलावर.

साहेब दारात आले. डोक्यावरून पाणी गळतंय, हातात मोरपंखी ड्रेस. "हे कुणी केलं?"

टिटवीनं माझ्याकडे बोट दाखवलं. घरचाच साक्षीदार.

"साहेब," मी म्हटलं, "तुमची भिंत पूर्ण असती तर हे झालं नसतं. आणि दार पूर्ण असतं तर फेकायची वेळच आली नसती."

"कसलं दार?"

"जिथून बाप आणि लेक दोघं एकदम आत जातील असं."

त्यांना काही कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. रस्ताभर मात्र तेच डोक्यात.

या माणसाचं नाव मी शिट्टीसाहेब ठेवलंय. आणखी एका जोडप्याला नाव दिलंय. एक म्हातारे आजोबा आणि निळी टोपी घालणारी त्यांची बायको. दोघं रोज येतात, पाण्यात माशांसारखी फिरतात. पण आजोबा खोलीतून बाहेर येतात तेव्हा शर्टाची बटणं भलत्याच भोकांत. निळी टोपी बोळात सगळ्यांदेखत ती सोडते आणि पुन्हा लावते. आज मी म्हटलं, "आजोबा, मुद्दाम करता ना? या वयातही लाड करून घ्यायची हौस बघा!" आजोबा हसले. निळी टोपी हसली नाही. असते एकेकीच्या नाकावर माशी.

१३ मार्च, बुधवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

काल टिटवीचा बूट मी बांधला. माझ्या बोटांत आता जोर राहिला नाही, पट्टा ओढते पण शेवटच्या भोकापर्यंत जात नाही. पलीकडून विचारलं, "आई, बसला का घट्ट?" मी म्हटलं, "बसला, बसला." बोळातून चालताना बूट फिरला आणि पोरगी तोंडावर पडली. ओरडली नाही. टिटवी ओरडली नाही म्हणजे काय ते मलाच माहीत.

डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितला. थोडक्यात वाचला म्हणाल्या. "बूट सैल चालणार नाही. ज्याच्या हाताला ताकद आहे त्यानंच बांधायचा. एप्रिलच्या तीन तारखेला परत फोटो काढू. हाड हललेलं असलं तर पुन्हा प्लास्टर."

घरी आल्यावर जावईबुवांनी उलट मला चहा करून दिला. एखादा शिव्या देणारा जावई असता तर बरं झालं असतं, मी चार परत दिल्या असत्या नि मोकळी झाले असते.

१४ मार्च, गुरुवार

सकाळीच शिट्टीसाहेबांच्या खोलीत जाऊन बसले. सगळं सांगितलं. पोरीला उचलायला बाप हवा, बूट बांधायला बाप हवा, आणि बाप तुमच्या कुठल्याच खोलीत चालत नाही.

"आजी, नियम आहे. बायका इकडे, पुरुष तिकडे."

"आणि लेकरं?"

"लेकरं... ज्याच्याबरोबर येतील त्याच्याकडे."

"ज्याच्याबरोबर आली त्याच्याकडे गेली तर काका लोक टॉवेल धरून बोंब मारतात."

"मग आईनं आणावं."

"आई परगावी. आणखी कुणाची नसेलच. त्यांनी काय करायचं, घरूनच ओलं होऊन यायचं?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मी पण बघितलं. बोळाच्या टोकाला एक बंद खोली दिसली. विचारलं तर म्हणाले, अडगळ. मोडक्या खुर्च्या, फाटक्या तरंगपट्ट्या.

"म्हणजे मोडक्या खुर्चीला इथं स्वतंत्र खोली आहे," मी म्हटलं.

"वरून मंजुरी लागेल."

मी वर बघितलं. पंखा होता.

"आजी, प्रत्येक गोष्टीची थट्टा करू नका," म्हणाले आणि शिट्टी गळ्यात अडकवून निघून गेले. गळ्यात आधीच एक होती. दोन झाल्या.

२० मार्च, बुधवार

बोळात बसून बूट बांधायला साहेबांची मनाई, वाट अडते म्हणे. म्हणून चार दिवस जावईबुवांनी एक युक्ती केली. टिटवीला ओलीच टॉवेलात गुंडाळून, उचलून, गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन बूट बांधला. काल तिला ताप आला. ती युक्तीही संपली.

आज ती घरी. पण तिची पोहायची टोपी तलावावर राहिली होती, ती आणायला मी एकटीच गेले. बायकांच्या खोलीत कुणी नव्हतं, फक्त निळी टोपी. ती भिंतीला अगदी चिकटून उभी होती आणि हळू आवाजात बोलत होती.

"उजवा हात आधी घाला... नाही, दुसरा... बसा बाकावर... घाई नाही हो, मी इथंच आहे... पायजम्यात पाय घालताना भिंत धरा."

पलीकडून काही आवाज नाही. मग काहीतरी पडलं. तिनं भिंतीवर हात आपटला. "अहो! अहो, बोला!" मग आजोबांचा आवाज, "चप्पल पडली गं, मी नाही."

ती वळली तर मी समोर. म्हणाली, "हात थरथरतात त्यांचे. दोन वर्षं झाली. पाण्यात थरथरत नाहीत, म्हणून रोज आणते. घरी बटणं मीच लावते, पण इथं मला आत जाता येत नाही."

इतके दिवस त्या बटणांवर मी विनोद करत होते.

ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांची बटणं मीच लावायची. तेव्हा सुद्धा थट्टाच करायची, "हलू नका, नाहीतर नाकाला बटण लावीन." हसायचे. हसताना जरा कमी दुखतं असं म्हणायचे. खरं की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे.

टोपी आणायची राहिलीच.

२३ मार्च, शनिवार

आज शिट्टीसाहेबांना कामाला लावलं.

टिटवीचा ताप उतरला. जावईबुवांना म्हटलं, आज तुम्ही पाण्यातून तिला काढून माझ्याकडे द्या आणि गप्प उभे राहा. बाकी मी बघते. ते घाबरले, पण माझ्याशी वाद घालायची त्यांची अजून तयारी झालेली नाही.

शनिवारची गर्दी. मी टिटवीला बोळातल्या खुर्चीवर बसवलं, टॉवेलात गुंडाळून, आणि साहेबांना हाक मारली. बूट त्यांच्या हातात दिला.

"हे काय?"

"बूट. बापाला आत बंदी, माझ्या बोटांत जोर नाही, पोरीनं पाय टेकवायचा नाही. राहिलं कोण? नियम तुमचा, म्हणजे बूटही तुमचा."

मागं माणसं जमली. निळी टोपी आणि आजोबाही येऊन उभे राहिले. साहेब गुडघ्यावर बसले. खालचा पट्टा वर लावला, वरचा स्वतःच्या शिट्टीच्या दोरीत अडकवला. टिटवी म्हणाली, "काका, तुम्हाला शाळेत बूट घालायला शिकवलं नाही का?" साहेबांनी जोर लावून पट्टा ओढला, तशी ती अशी किंचाळली की पाण्यातली माणसं थांबली. दुखलं नव्हतं. मला डोळा मारला तिनं. कुणावर गेलीय कळत नाही.

साहेबांच्या कपाळावर घाम. मान वर करून जावईबुवांना म्हणाले, "अहो, तुम्ही बघत काय उभे आहात? या ना इकडे!"

"मी येऊ का?" जावईबुवांनी अगदी साळसूदपणे विचारलं. मी चाट. हा माणूस थट्टा करू शकतो!

ते बसले, आणि पोरगी "बाबा" म्हणायच्या आत बूट बसला सुद्धा. तिनं पाय टेकवला, चालून दाखवलं. कुणीतरी टाळी वाजवली.

साहेब उठले, गुडघे झटकले. निळ्या टोपीनं तेवढ्यात विचारलं, "आणि ह्यांची बटणं तुम्ही लावाल का, साहेब? पुरुषांच्या खोलीत तुम्हाला तर जाता येतं." ती चेष्टेत बोलत नव्हती, खरंच विचारत होती. साहेबांनी आजोबांच्या शर्टाकडे बघितलं. चुकीच्या भोकातलं बटण त्यांना पहिल्यांदाच दिसलं असावं.

"त्या अडगळीच्या खोलीला नळ आहे," ते म्हणाले. दुसरं काही नाही. तिथून गेले ते किल्ली शोधायलाच.

२५ मार्च, सोमवार

खोली रिकामी झाली. मोडक्या खुर्च्या मागच्या अंगणात ऊन खातायत. नळाला पाणी आहे. उद्यापासून रंगारी.

घरी मात्र काहीतरी शिजतंय. जावईबुवांनी जेवताना विचारलं, "आई, तुम्हाला पाण्याची भीती वाटते का हो?"

"पाण्याची नाही, तुमच्या प्रश्नांची वाटते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू काही महत्त्वाचं कळलं. बहुतेक मी घसरून पडेन, मग माझंही प्लास्टर सांभाळावं लागेल, ही काळजी. शहाणा माणूस आहे.

संध्याकाळी टिटवी सुतळी घेऊन आली. "आजी, हात वर कर. तू झाड आहेस." छातीभोवती सुतळी, मग खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. विचारलं तर म्हणे, "खेळ आहे. बाबांनी सांगितलंय सांगायचं नाही."

मला अंदाज आला. खोली झाली की माझं काम संपलं. जाताना म्हातारीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून एखादा कपडा शिवणार. चांगलं वळण आहे घराला.

कुलूप गंजलं असेल एव्हाना.

२७ मार्च, बुधवार

लेकीचा फोन आला होता. जावईबुवा गॅलरीत जाऊन बोलले, दार लोटून घेतलं. दाराला फट आहे, माझा दोष नाही. "नाही, त्यांना अजून काही कळलेलं नाही... हो, खोली झाली की मग... तू पण ये ना त्या दिवशी."

सगळं कळलंय मला. निरोपाला लेक पण येणार.

तलावावर गेले. रंगारी म्हणाला, झालं काम, उद्या उघडा. मी भिंतीवर हात फिरवला. म्हटलं, "इथं जरा पातळ वाटतोय, आणखी एक हात मारा." त्यानं मारला.

२८ मार्च, गुरुवार

आज म्हटलं, खुंट्या उंच आहेत, खाली घ्या. खाली घेतल्यावर म्हटलं, आता फारच खाली. मग रंगाच्या वासानं लेकरांचं डोकं दुखेल, खिडकी दोन दिवस उघडी ठेवा.

शिट्टीसाहेब हात जोडून म्हणाले, "आजी, घाई तुमचीच होती ना? मी वर सांगून बसलोय."

"वर कुणाला, पंख्याला?" मी म्हटलं. पण मजा आली नाही.

बाकावर बसून विचार केला. टिटवी आठवडाभर नीट पोहली नाही. तीन तारीख तोंडावर आली. आणि मी रंगाचे हात मोजत बसलेय. काय चाललंय माझं? पोरीच्या पायापेक्षा मला काठावरची जागा मोठी झाली?

उठले आणि साहेबांना सांगितलं, "उद्याच उघडा. वास-बीस काही नाही."

"बघा हं," म्हणाले.

घरी येऊन बॅग भरायला घेतली.

२९ मार्च, शुक्रवार

खोली उघडली. दारावर पाटी, 'कुटुंबासाठी'. आत रुंद बाक, कोरड्या जागेसाठी रबरी चटई, आतून कडी, आणि तीन खुंट्या मोठ्यांच्या आणि पोरांच्याही हाताला येतील अशा.

साहेबांना वाटलं पहिला मान टिटवीचा. मी म्हटलं, नाही, आजोबांचा. निळी टोपी आणि आजोबा आत गेले, कडी लागली. आम्ही सगळे बोळात उगाच इकडंतिकडं बघत उभे. बऱ्याच वेळानं बाहेर आले. आजोबांची सगळी बटणं जागच्या जागी. मला म्हणाले, "आजी, आज थट्टा करायला काही ठेवलं नाही बघा तुमच्यासाठी."

"ठेवलंय की. भांग वाकडा आहे," मी म्हटलं. निळी टोपी हसली. पहिल्यांदा.

मग बाप-लेक आत. मी बाहेर बाकावर. आतून काही आवाज नाही. ना आरडाओरडा, ना "आई, खालचा पट्टा". बाहेर आली ती बूट घालून, टाक टाक करत, केस विंचरलेली. मला विचारायला काही उरलंच नव्हतं. "कान पुसले का?" विचारलं. पुसले होते.

पिशवीसुद्धा जावईबुवांनी खुंटीला टांगली होती. मांडी रिकामी रिकामी वाटली.

३ एप्रिल, बुधवार

हाड जागेवर आहे! प्लास्टर नको! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बूट कोण बांधतं? छान बांधतं." जावईबुवा लाजले. मी म्हटलं, "बांधणारा मी बाजारातून पारखून आणलाय. लेकीला तेव्हा पसंत नव्हता." आणखी लाजले. लेक तिथंच होती, सकाळच्या गाडीनं आलेली. म्हणाली, "आई, खोटं बोलू नकोस." नेमकी आजच ही आली, म्हणजे ठरल्याप्रमाणेच चाललंय सगळं.

माझी बॅग दाराशी आणून ठेवली. कुणी म्हणायच्या आधी आपणच तयार असलेलं बरं.

जावईबुवांनी बॅगेकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "आई, ही कुठं निघाली?"

"मीच निघाले. उद्या."

नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं. टिटवी काहीतरी बोलणार तर लेकीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. जावईबुवा म्हणाले, "बरं. आज शेवटचं तलावावर चला. एक खुंटी ढिली वाटतेय, तुम्ही बघून सांगा. तुमच्याशिवाय साहेब कुणाचं ऐकत नाहीत."

४ एप्रिल, गुरुवार

अंग दुखतंय, तरी लिहिते. काल तलावावरून येऊन पुढचं लिहायला बसले आणि डोळा लागला.

खुंटी बघायला म्हणून मी आत गेले. तिन्ही घट्ट होत्या. प्रत्येकीच्या वर टिटवीनं खडूनं चित्र काढलेलं. पहिलीवर चष्मा, दुसरीवर पक्षी. तिसरीवर एक मोठं उघडं तोंड.

"हे कोण?" मी विचारलं.

"तू," टिटवी म्हणाली.

त्या खुंटीला एक पोहायचा ड्रेस टांगला होता. गडद निळा, लांब बाह्यांचा, गुडघ्याच्या खाली जाईल असा. मापाचा. मग मला सुतळी आठवली.

मी जावईबुवांकडे वळले तर ते दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून उभे. तिथूनच बोलले. इतकं लांबलचक वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. "आई, रोज काठावर बसून तुमचे पाय पाण्याकडे सरकायचे, आणि मग तुम्ही ते मागं घ्यायचात. मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही, पण ते दिसायचं. आता कपडे सांभाळायला खुंट्या आहेत. आणि... पोहता आल्याशिवाय आम्ही काही तुम्हाला जाऊ देणार नाही."

मी ड्रेसची बाही चाचपून बघितली. खुंटीवरचं ते उघडं तोंड माझ्याकडेच बघत होतं.

मग म्हटलं, "मी फार हळू शिकते हं. आधीच सांगून ठेवते. शाळेतले मास्तर दमले होते."

"चालेल," ते म्हणाले.

लेकीनं कडी लावली, पाठीमागची चेन ओढून दिली. म्हणाली, "हलू नकोस, आई." तिला ते कुठून आलं कुणास ठाऊक.

पाणी गार. मी पहिल्याच पायरीवर अशी ओरडले की सगळ्यांना कळलं टिटवीचं घराणं कुठलं. जावईबुवांनी माझा हात असा धरला जणू महागाची काच. "आई, सोडू का?"

"सोडून तर बघा. उद्यापासून दुकानात गल्ल्यावर येऊन बसेन."

निळी टोपी आणि आजोबा शेजारी तरंगत होते. टिटवी ओरडत होती, "आजी, पाय हलव, पाय!" शिट्टीसाहेबांनी काठावरून शिट्टी मारली. "आजी, इथं आरडाओरडा चालत नाही!"

"मग आत या आणि तुम्हीच शिकवा!" मी म्हटलं. ते चार पावलं मागं सरकले. ओल्या ड्रेसची आठवण झाली असावी.

एकदा, अगदी क्षणभर, पाय तळाला नव्हते आणि मी बुडाले पण नव्हते.

तेवढ्यात सवयीनं मान वळवून मी काठाकडे बघितलं. काठावर कुणी नव्हतं. पिशवी नव्हती, मांडी नव्हती. बोळाच्या टोकाला खोलीचं दार लोटलेलं, आणि आत खुंटीवर माझे कपडे.

कुणी नेले नाहीत हो. ऐकताय ना?